टाचण उसनं घेऊ नकोस

अगं, बी.एड.च्या यादीत नाव लागलं म्हणून कळवलंस आणि लगेच पुढे रडगाणं, ‘पण ताई, कॉलेज अगदीच लहान आहे गं!’ तुकडी ५० जणांची, वाचनालयात चार कपाटं, एसटी चुकली की तासभर स्टँडवर. माझंही असंच होतं, जालन्याकडचं. लहान कॉलेजात लपायला जागा नसते. बी.एड.ला तेच बरं.

सुरुवातीला सूक्ष्म पाठ असतील. सहा मिनिटं, एकच कौशल्य, आणि विद्यार्थी म्हणून समोर आपलाच वर्ग. माझ्या पहिल्या पाठाला दोन लेकरांची आई असलेली आमची एक मैत्रीण करंगळी दाखवत उभी राहिली, ‘बाई, जाऊ?’ सगळे फिदीफिदी, मीही हसत सुटले. निम्मा वेळ त्यातच गेला. मॅडमनी चुका सांगितल्या, बारा मिनिटांत टाचण बदलायला लावलं आणि पुन्हा उभं केलं. तेव्हा राग आला होता. पुढे खऱ्या सातवीत खरी करंगळी वर झाली, तेव्हा मात्र नुसती मान हलवून मी शिकवत राहिले.

आता माझी फजिती ऐक. शाळेतला पहिला सराव पाठ, विषय विशेषण. टाचण शहरातल्या एका सीनियरच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलेलं. प्रस्तावनेचा प्रश्न, ‘मुलांनो, बागेत गेल्यावर काय दिसतं?’ अपेक्षित उत्तर, रंगीबेरंगी फुलं. वर्ग एका सुरात ओरडला, ‘मोसंबी!’ मी घाम पुसत म्हटलं, ‘आणखी?’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘ठिबक!’ रंगीबेरंगी काही केल्या येईना. आंबटगोड मोसंबी समोर वाढून ठेवली होती पोरांनी, विशेषणासकट, आणि मी फुलांची वाट बघत बसले. सरांनी पाठवहीत लाल शाईनं शेरा दिला : ‘उत्तर बरोबर, प्रश्न उसना.’

एक मात्र कान देऊन ऐक. ‘थोडे जास्त भरा, परीक्षेपुरत्या या, हजेरीचं आम्ही बघतो’ असं सांगणारं कुणीतरी भेटेलच. आमच्या ओळखीतली एक त्या वाटेनं गेली. पदवी हातात आहे, पण वर्गात शिरताना आजही हातपाय कापतात तिचे. नियमानं तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. दोन वर्षांत मिळून शाळेत २० आठवडे मिळतात. ते पैसे मोजून घालवू नकोस.

आणि पहिली ते पाचवीला शिकवायचं मनात असेल तर आत्ताच विचार कर. २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांना बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागतं. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, जिला सगळे ‘टेट’ म्हणतात, ती वेगळी. दोन्हींच्या नावांत भलेभले घोटाळा करतात.

पहिला पाठ कुठल्या वर्गावर आला ते कळव. टाचण मात्र मागू नकोस, माझ्या सगळ्या वह्या रद्दीत गेल्या.