राखेतील खडे आणि जळणाचा हिशेब

रंगाईचा बॉयलर असो, हॉटेलची भट्टी असो की करवीर-पन्हाळा भागातील गुऱ्हाळाचे चुलवाण असो, राख फेकण्यापूर्वी ती एकदा चाळून पाहावी. तीत कठीण खडे निघतात. जळणाचा पैसा कोठे गेला, हे त्यांवरून कळते.

खडे तीन प्रकारचे असतात. पहिला काळा व हलका. कागदावर घासला की रेघ उमटते. हा कोळसा. तो पुन्हा जळू शकतो, म्हणजे पैसा अर्धवट जळून बाहेर आला. दुसरा पांढुरका, बोटांनी चुरणारा. पाणी पडून घट्ट झालेली ही राखच होय. तिची काळजी नको. तिसरा जड, खडबडीत, फोडल्यावर काचेसारखा चमकणारा. वीटभट्टीतल्या खंगरासारखा दिसणारा हा खडा बॉयलरवाले क्लिंकर म्हणून ओळखतात. खरे नुकसान याचेच.

तो होतो कसा? शुद्ध वाळू वितळण्यास सुमारे 1700 अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढी चुलीत नसते. परंतु लाकडाच्या राखेत पोटॅश असते आणि त्याच्या संगतीने वाळू 800 अंशांच्या आसपासही वितळू लागते. युरोपातील जुने कारागीर वाळूत लाकडाची राख मिसळूनच काच बनवीत. उसाच्या चिपाडाच्या राखेत तर वाळूचे द्रव्य, म्हणजे सिलिका, मुळातच भरपूर असते. जमिनीवर वाळवताना माती चिकटली की त्यात भर पडते.

हा खडा जाळीची भोके बुजवतो. हवा कमी पडते, कोळसा अर्धवट राहतो आणि जाळ वाढवण्यासाठी आणखी जळण टाकावे लागते. चिपाड पुरले नाही की लाकूड विकत घेणे आले. 1 टन लाकडाला 5 टक्के माती असेल, तर 50 किलो माती आपण लाकडाच्या भावाने घेतो.

उपाय साधे आहेत. लाकूड झाडून, माती काढून मगच तोलावे. चिपाड स्वच्छ खळ्यावर वाळवावे. राख वरचेवर काढावी. ढवळून जाळात मिसळू नये. क्लिंकर शेतात टाकू नये. त्यातले पोटॅश काचेत अडकलेले असते, पिकाला लागत नाही. तो खड्डे भरण्यास वापरावा.

2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी भाव सौद्यातच ठरतो. तो आपल्या हाती नाही. जळणाचा खर्च मात्र आहे. आठवडाभर राखेतले खडे वेगळे काढून तोलावेत व वहीत मांडावेत. वजन कमी होऊ लागले, की बचत सुरू झाली असे समजावे.