पाचट आणि मातीची घडण

धाराशिव जिल्ह्यात ऊस वाढला, तशी तोडणीनंतर पाचट पेटविण्याची रीतही रुळली. शेत झटपट मोकळे होते. परंतु हेक्टरी आठ-दहा टन पाचटातील सेंद्रिय कर्ब आणि बहुतांश नत्र धुरात जाते.

आपली काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिचे कण बांधून ती भुसभुशीत ठेवतात ते ह्यूमस आणि सूक्ष्मजीव. त्यांचे अन्न जाळून केवळ युरियावर भिस्त ठेवली, तर पीक काही काळ हिरवे दिसते. माती मात्र घट्ट होते, निचरा मंदावतो आणि मुळे वरच्या थरातच अडकतात.

खत हा शत्रू नव्हे. पाचटात कर्ब फार, नत्र थोडे. ते कुजविताना जिवाणू मातीतील नत्र ओढतात. म्हणूनच सरीतील पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी देण्याची शिफारस कृषिशास्त्रज्ञ करतात.

कसबे तडवळे येथे १९४१ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ती जमिनीशी जोडलेल्या हक्कांसाठीच. आपल्या समाजाच्या वाट्याला आलेली एक-दोन एकर जमीन निकस होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

पालकांनी निदान दहा गुंठे खोडव्यात पाचट राखावे. काही हंगामांनी दोन्हीकडची वाळलेली ढेकळे पाण्याच्या पेल्यात मुलांकडून टाकवावीत. जे लगेच विरघळेल, ती घडण हरवलेली माती. आम्ही वर्गात शिकवितो त्याची परीक्षा अशी बांधावरच व्हावी.