‘ग्रेन-फ्री’ पाकीट उलटून वाचा

आमच्या गोल्डन रिट्रिव्हरला बारा महिने खाज असायची. दुकानदाराने गहू-तांदळावर बोट ठेवलं आणि दुप्पट किमतीचं ‘ग्रेन-फ्री’ डॉग फूड सुचवलं. कुत्र्याने ते आवडीने खाल्लं, पण खाज तशीच राहिली. पुढे तो फिरायला गेल्यावर मध्येच बसायला लागला, जिना चढताना धापा टाकायला लागला. टूडी इकोमध्ये हृदयाचा स्नायू सैल पडून कप्पे मोठे झालेले दिसले. या आजाराला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, ‘‘खायला काय देता?’’

पाकिटावर चिकननंतर लगेच वाटाणा होता, मग मसूर, आणि पुढे वाटाण्याचं स्टार्च व वाटाण्याचं प्रथिन. डॉक्टरांनी खाणं बदललं, औषधं आणि टॉरिन हे अमिनो आम्ल सुरू केलं. पुढच्या इकोमध्ये सुधारणा दिसली. दोष खाण्याचाच होता, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. खाजेचं मूळ मात्र पिसवांमध्ये निघालं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये अशा खाण्याचा या हृदयविकाराशी संबंध असावा, याच संशयावरून तपास जाहीर केला. एप्रिल 2019 पर्यंत त्यांच्याकडे या आजाराच्या 524 तक्रारी जमल्या होत्या. त्यांत नाव आलेल्या उत्पादनांपैकी 90 टक्क्यांहून अधिक ग्रेन-फ्री होती आणि 93 टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. कार्यकारणभाव अजून सिद्ध झालेला नाही. तरीही, गरज नसताना हा धोका का पत्करायचा?

गरज नाही, कारण धान्य हा कुत्र्यांचा शत्रू नाहीच. माणसाच्या सहवासात राहून कुत्रा पिष्टमय पदार्थ पचवायला शिकला. लांडग्याच्या तुलनेत त्याच्यात त्यासाठीच्या जनुकाच्या प्रती कितीतरी पटींनी जास्त असतात. अन्नाच्या अ‍ॅलर्जीतही बीफ, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन गव्हाच्या पुढे आहेत. शिवाय धान्य काढलं म्हणजे पिष्ट गेलं असंही नाही. त्याची जागा वाटाणा, मसूर, हरभरा किंवा बटाटा घेतो.

म्हणून खाणं घेताना पुढची बाजू सोडा, मागची वाचा.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि वजन शिजवण्यापूर्वीचं असतं. ताज्या चिकनमध्ये साधारण 70 टक्के पाणी असतं, त्यामुळे ते पहिलं दिसतं. सुकवून दळलेल्या ‘चिकन मील’मध्ये पाणी फार थोडं असतं. वाटाणा, त्याचं पीठ, स्टार्च, फायबर असे तुकडे वेगवेगळे लिहिले असतील, तर मनात त्यांची बेरीज करा. कदाचित पहिला नंबर त्यांचाच लागेल. प्रथिनाचा आकडा मोठा असला, तरी त्यातलं किती मांसाचं आणि किती वाटाण्याचं, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

कोरड्या आणि ओल्या खाण्याची तुलना ओलावा वजा करून करा. कोरड्यात 26 टक्के प्रथिनं आणि 10 टक्के ओलावा असेल, तर खरं प्रमाण 26 भागिले 90, म्हणजे सुमारे 29 टक्के. ओल्यात 9 टक्के प्रथिनं आणि 78 टक्के ओलावा असेल, तर 9 भागिले 22, म्हणजे जवळपास 41 टक्के.

हे खाणं ‘पूर्ण आणि संतुलित’ आहे का, कोणत्या वयासाठी आहे आणि आफको या अमेरिकी किंवा फेडिआफ या युरोपीय संस्थेच्या निकषांत बसतं का, ते पाकिटावर शोधा. कंपनीला फोन करून पाककृती कोणी बनवली, पशुपोषणातला तज्ज्ञ आहे का, खाणं कुत्र्यांना देऊन तपासलं आहे का, असं विचारा. उत्तर टाळलं तर ते पाकीट घेऊ नका.

अ‍ॅलर्जीची शंका असेल, तर आधी पिसवा, गोचीड आणि बुरशी तपासून घ्या. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान आठ आठवडे ठरावीक आहार देऊन पाहा. खाणं बदलायचं असेल तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदला.

आणि ग्रेन-फ्री खाणारं तुमचं कुत्रं लवकर दमत असेल, खोकत असेल किंवा कधी भोवळ येऊन पडलं असेल, तर थांबू नका. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो घ्या आणि आजच डॉक्टरांकडे जा.