विजेच्या सामानाचे ‘टेस्ट सर्टिफिकेट’ कसे वाचावे?



ऊस काट्यावर आला की आपण आधी काय पाहतो? काट्याची पडताळणी झाली आहे का, वैधमापन खात्याचा शिक्का आहे का. काटा नवा दिसतो म्हणून कोणी वजन मान्य करत नाही. पण मोटार, स्टार्टर, केबल घेताना हीच हुशारी आपण दुकानाबाहेर ठेवतो. दुकानदार रंगीत कागद पुढे करतो, “लॅबमध्ये पास झालेला माल आहे” म्हणतो आणि आपले समाधान होते. ती लॅब कोणी तपासली, हे विचारायचे राहून जाते.

प्रयोगशाळा तपासून मान्यता देण्याचे काम आपल्या देशात एन.ए.बी.एल. हे राष्ट्रीय मंडळ १९८८ पासून करते. लॅबची उपकरणे बरोबर दाखवतात का, माणसे जाणकार आहेत का, चाचणी ठरल्या पद्धतीने होते का, हे ते पाहते. याचे महत्त्व केवढे? मोटारीचे इन्सुलेशन मेगरने मोजतात. मेगरच चुकीचा असेल, तर खराब मोटारही कागदावर पास होते. नीरा उजव्या कालव्याच्या आपल्या पट्ट्यात उसाला पाणी देताना पाय ओल्यात आणि हात स्टार्टरवर असतो. तिथे कागदावरची चूक जिवावर बेतते.

मग मान्यता नसलेली प्रत्येक लॅब खोटी का? तसे नाही. मान्यता घेणे सहसा ऐच्छिक असते आणि बिनमान्यतेची लॅबही प्रामाणिक असू शकते. पण तिचा दाखला म्हणजे जामीनदाराशिवाय मागितलेले कर्ज. माणूस चांगला असेलही. सोसायटी मात्र जामीन मागतेच.

म्हणून खरेदीच्या वेळी तीन गोष्टी पाहाव्यात :

१) दाखल्यावर एन.ए.बी.एल.चे चिन्ह व मान्यता क्रमांक आहे का? ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का? सिमेंट तपासण्याची मान्यता केबलला चालत नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर हे पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना बघायला सांगा.

२) दाखल्यावरचे मॉडेल आणि मोटारीच्या पाटीवरचे मॉडेल एकच आहे का? दाखला तपासलेल्या नमुन्यापुरताच बोलतो. एक नमुना पास झाला म्हणजे कारखान्याचा सगळा माल पास झाला, असे होत नाही.

३) मालावर आय.एस.आय. मार्क आहे का? चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो (सबमर्सिबल पंपाला आय.एस. ८०३४) आणि खाली सी.एम./एल. ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाईल अ‍ॅपवर पडताळता येतो. हा परवाना भारतीय मानक ब्युरो देते आणि त्यानंतरही कारखान्यातला व बाजारातला माल तपासते. म्हणून सुट्या दाखल्यापेक्षा याचे वजन जास्त.

एवढे करूनही शेवटचे काम आपल्याकडेच राहते. उत्तम मोटारही अर्थिंगशिवाय बसवली तर घात करते. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवता येईल का, हे त्याला विचारा. माणसाच्या बचावासाठी हा ब्रेकर ३० मिलिअँपिअरचा असतो.

पक्के बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या. उसाचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. घरच्या माणसाचा जीव उसापेक्षा हलका नाही.