पकड बघून यंत्र घे

चिमे, काडतुसाच्या पुंगळीची लांबी कापायच्या यंत्रांची तू पाठवलेली चारही चित्रं पाहिली. किंमत आणि मिनिटाला किती पुंगळ्या होतात, हे तू लिहिलंस. पण पुंगळी कुठे धरली जाते आणि लांबी कुठून मोजली जाते, हे एकाही चित्राखाली नाही. मला तेवढंच हवं होतं. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो. माल वाकडा निघतो तो बहुतेक वेळा पकडीमुळे. पात्याला आपण उगाच शिव्या घालतो.

आधी कापायचं का, ते पक्कं समजून घे. बार उडाला की पितळ फुगून चेंबरला चिकटतं. मग तू ती पुंगळी डायमध्ये दाबून परत मापात आणतेस. दाबलेल्या पितळाला जायला जागा एकच, पुढे मानेकडे. म्हणून दर खेपेला मान थोडी लांबते, आणि तेवढंच पितळ बुडाजवळच्या भिंतीतून कमी होतं. तुझ्या .३०८ विंचेस्टरची कमाल लांबी २.०१५ इंच आणि कापून आणायची २.००५ इंच, म्हणजे दहा थाउचा, इंचाच्या दहा हजारांश भागांचा खेळ. मान त्याहून लांब राहिली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला अडतं आणि गोळीला आवळून धरतं. गोळी वेळेवर सुटली नाही की दाब चढतो, आणि तो तुझ्या गालापासून वीतभर अंतरावर चढतो. म्हणून हे काम कंटाळत करायचं नाही.

मापही डायमधून काढल्यावरच घ्यायचं. मागच्या उन्हाळ्यात ओहायोला तुझ्याकडे होतो तेव्हा तू आधी कापून मग डायमध्ये घालत होतीस. मी तेव्हा बोललो नाही, पाहुणा होतो. आता सांगतो, ते उलटं आहे. डाय परत लांबवते आणि केलेलं काम वाया जातं.

आता यंत्रं. सगळ्यात स्वस्त ते ली कंपनीचं. एक पिन पुंगळीच्या तोंडातून शिरून टोपीच्या भोकातून बाहेर येते आणि खालच्या बैठकीला टेकली की कापणं थांबतं. लांबी कारखान्यातच ठरलेली, तुला कमीजास्त करता येत नाही. मला हा गुण वाटतो. स्क्रू नाही, म्हणून सरकत नाही. महिन्याला पन्नास पुंगळ्या असत्या तर दुसरं काही घेऊच दिलं नसतं. पण तू दोनशेवर गेलीस, आणि मनगट तुझंच आहे.

दुसरा प्रकार छोट्या लेथचा. फॉर्स्टर, लायमन, आरसीबीएस यांची यंत्रं या जातीची. बुडाची कड मागे धरायची, मानेत मापाचा पायलट, म्हणजे पात्याला मधोमध ठेवणारी दांडी, घालायचा आणि हँडल फिरवायचं. बघायला देखणी, लेथवाल्याला तर लगेच आवडतात. पण पुंगळीच्या बुडाची कड प्रत्येक वेळी सारख्या जाडीची नसते. पकड आवळताना कुठली पुंगळी जास्त ओढली जाते, कुठली कमी, आणि लांबीत दोन-तीन थाउचा फरक पडतो. बंदुकीला त्याने काही होत नाही, सुरक्षित मर्यादेत बसतं. मात्र पायलट घट्ट असला तर मानेला आतून ओरखडे येतात आणि सैल असला तर तोंड तिरकं कापलं जातं. हे यंत्र घेतलंस तर पायलटवर पैसे वाचवू नकोस.

तिसरा प्रकार पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर टेकणारा. ड्रिलला लावायचं डब्ल्यूएफटी असो की मोटरवालं जिरो, पुंगळी उलटी घुसवायची, खांदा आत टेकतो आणि क्षणात मान कापून तयार. जिरो तर तोंडाची आतली-बाहेरची धारही त्याच फेरीत काढून देतं. हजारो पुंगळ्या असतील त्याने हे घ्यावं. एकच अट आहे. तू डायमध्ये खांदा मागेपुढे केलास तर लांबीही तेवढीच हलते. म्हणजे यंत्राची अचूकता तुझ्या डायच्या हाती गेली. डाय घट्ट बसवायची सवय अजून तुझ्या हाताला लागलेली नाही. ती लागली की हे घे.

चौथं विल्सनचं, आणि माझं मन तिथे बसलं. पुंगळीच्या अंगाला किंचित निमुळतेपण असतं. होल्डरही तसाच निमुळता. हलक्या ठोक्याने पुंगळी आत अंगाभर बसते. कडेला पकडायचं नाही, मानेत पायलट नाही. होल्डर दोन समांतर दांड्यांवर टेकतो, बूड मागच्या स्क्रूला लागतं आणि पुढून पातं येतं. आमच्या वर्कशॉपात नाजूक माल असाच धरायचे, चावून धरायचे नाहीत. कापलेलं तोंड काटकोनात येतं आणि माप थेट बुडापासून जातं. हळू आहे, हे खरं.

कुठलंही घेतलंस तरी पुढचं काम हाताचं आहे. कापल्यावर तोंडाला आत-बाहेर बर राहते. ती काढायची, पण हलक्या हाताने. आतली धार सुरीसारखी करायची नाही, गोळी बसताना फक्त घासली जाऊ नये एवढंच. मानेत कीस अडकतो, तो झटकून टाक. पातं बोथट झालं की तोंड कापलं न जाता दुमडतं. बोटाच्या नखाला ते लगेच कळतं.

व्हर्नियर स्वच्छ करून आधी शून्य बघ. त्याहून चांगलं म्हणजे नीट मोजलेली एक पुंगळी बाजूला ठेव, तिच्यावर खूण कर आणि दर बैठकीच्या सुरुवातीला तीच मोज. हा आमच्या टूलरूमचा नियम होता. तीन थाउच्या आत सगळ्या आल्या तर हात थांबव, उरलेला वेळ नेम धरायला दे.

आणि प्रत्येक पुंगळी फेकायचा दिवस येतो. बुडाच्या थोडं वर बाहेरून चकचकीत वर्तुळ दिसलं की ती गेली. तार टोकाला वाकवून आतून फिरव. खाच लागली की तोंड पक्कडीने चेपूनच भंगारात टाक, म्हणजे चुकूनही परत डब्यात येणार नाही.

आता धुण्याचं. तुझ्या गॅरेजमध्ये भांडी घासायच्या पॉलिशचा वास आला होता. त्यात अमोनिया होता. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. अमोनिया त्याला आतून तडे पाडतो. ही गोष्ट शोधली गेली ती आपल्याच देशात दिसलेल्या नुकसानीवरून. इंग्रजांच्या फौजेने पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं बसल्या जागी तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि हवेतला ओलावा हे त्याचं कारण, आणि त्याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ग्वाल्हेरातल्या ज्या गावाचं नावच लष्कर पडलं, तिथल्या मुलीने तरी हे विसरू नये. पुंगळ्या साबण-पाण्याने धू आणि चांगल्या वाळव.

आता आपल्या इकडचं. ग्वाल्हेरला परवान्याच्या बंदुका घरोघर दिसतात, निवडणूक आली की ठाण्यात जमा होतात. आपल्या आजोबांची ३१५ बोरची रायफल तू पाहिलीस. ईशापूरची बंदूक, काडतूस खडकीचं, बुडावर केएफ. ग्वाल्हेरातला मराठी माणूस पुण्याजवळच्या कारखान्याचं पितळ वापरतो, याचं आजोबांना कौतुक वाटे. लेथ बघून लोक मला बाजारात गाठायचे, "भाऊसाहब, खोखे भर दो." मी कधी हात लावला नाही. तुझ्याकडे स्वतःपुरतं काडतूस भरायला परवाना लागत नाही. इथे परवान्याशिवाय भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं आहेत. म्हणून हा कानमंत्र ओहायोपुरताच. इथल्या तुझ्या भावंडांना यातलं एक अक्षर वाचून दाखवू नकोस.

विल्सन घे. नव्या आणि झाडलेल्या पुंगळ्यांसाठी होल्डर वेगळे मिळतात. तुझ्या डायमधून निघालेली पुंगळी कशात बसते, ते विचारून मग मागव. कॅम्प पेरीला १९०७पासून नेमबाजीचे सामने होतात, तुझ्या घरून मोटारीने जाता येतं. पुढच्या वर्षी तिथे नाव घाल.

आणि दिवाळीला येशील तेव्हा निघायच्या आदल्या रात्री सगळ्या बॅगा उलट्या करून झटक. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या शिवणीत एक रिकामी पुंगळी जरी राहिली, तरी दिल्लीच्या विमानतळावर तुला ठाण्यात बसावं लागेल. रेंजची बॅग घरीच ठेव, आईची जुनी घेऊन ये.