पोटातला गोबरगॅस

परीक्षा जवळ आली की आमच्या होस्टेलवर अभ्यासापेक्षा जास्त चर्चा पोटाची होते. "पोट टम्म झालंय रे," म्हणत कोणीतरी रात्री दहाला मेडिकल गाठतोच. माझा रूममेट जिंतूरचा. गॅस होतो म्हणून त्याने मेसचं वरण आणि मटकीची उसळ बंदच केली. आता नुसता भात आणि बटाट्याची भाजी. हे मला पटत नाही. शाकाहारी मेसवर डाळ सोडली, तर प्रथिनं येणार कुठून?

मित्रांनो, आधी गॅस होतो कसा ते पाहू. तूर, हरभरा, मटकी यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेनही तयार होतो. म्हणजे गावाकडच्या गोबरगॅस प्लांटचंच तत्त्व, फक्त शेगडी जोडलेली नाही! दिवसातून १०-२० वेळा गॅस सरणं नॉर्मल आहे, तेव्हा हसणाऱ्यांनी जपून हसावं.

कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं की यातल्या बऱ्याच साखरा पाण्याबरोबर जातात. मोड आणले तर आणखी कमी होतात, कारण अंकुर वाढताना त्याच वापरतो. मेसच्या मावशींना हे सांगायला गेलो तर म्हणाल्या, "रातीच भिजू घालते की मी. तुम्ही पोरं चावून खाता का?"

मावशींचं बरोबर आहे. लेक्चर गाठायचं म्हणून पाच मिनिटांत ताट संपवताना, त्यातही गप्पा मारताना, आपण घासाबरोबर हवा गिळतो. वरून कोल्ड्रिंक. परभणीचा मे महिना चाळिशीच्या पुढे जातो, थंड प्यावंसं वाटणारच. पण सोडा पिऊन येणारी ढेकर बहुतेक त्या सोड्याच्याच गॅसची असते, आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं! त्यापेक्षा साधं पाणी किंवा ताक बरं. दुधाने पोट फुगणाऱ्या अनेकांना ताक चालतं, कारण विरजणात लॅक्टोज कमी होतं.

थंडीतल्या हुरड्याचं वेगळंच. सवय नसताना एकदम एवढा तंतू पोटात गेला की दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला बसवत नाही. थोडा थोडा खावा. रात्री जेवून लगेच आडवं होण्यापेक्षा गेटपर्यंत चक्कर मारावी, आतडी हलती राहतात. ओवा, बडीशेपने कोणाला बरं वाटतं, कोणाला नाही.

वजन उतरणं, शौचातून रक्त, सतत उलट्या असतील तर मेडिकलच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. आणि हे सर लोकांसाठीही: छातीत दाटून येतंय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा दुखतोय, तर "गॅस असेल" म्हणून सोडा मागवू नये. १०८ ला फोन करावा. रात्रीचे दोन वाजले असले तरी रेक्टर सरांचं दार वाजवावं.