‘द ओनस इज ऑन’ : ओझे कोणावर?

‘द ओनस इज ऑन…’ हा इंग्रजी शब्दप्रयोग वृत्तपत्रांत व न्यायालयीन लेखनात वारंवार आढळतो. ‘ओनस’ हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ओझे. मराठीत त्यासाठी आपण ‘जबाबदारी’ हा शब्द योजतो. अरबी ‘जवाब’ आणि फारसी ‘दार’ यांतून ‘जबाबदार’ हा शब्द घडला. ज्याने उत्तर द्यायचे, तो जबाबदार.

भाषांतर करताना शब्दयोगी अव्ययाकडे लक्ष द्यावे. ‘दप्तराची जबाबदारी माझ्याकडे आहे’ येथे सोपवलेले काम सूचित होते; ‘सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे’ येथे टाळता न येणारे ओझे. ‘ओनस ऑन’साठी ‘वर’ हेच योग्य.

उदाहरणार्थ, मुळशी तालुक्यातील भरे येथील एका शेताच्या सातबाऱ्यावर ‘अ’चे नाव आहे, असे समजा. ‘ब’च्या मते ती नोंद चुकीची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५७ नुसार, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानली जाते. म्हणून ‘द ओनस इज ऑन ब’, म्हणजेच नोंद चुकीची असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ‘ब’वर आहे. याचे भाषांतर ‘ब जबाबदार आहे’ असे केल्यास ‘ब’नेच काही आगळीक केली, असा भलताच अर्थ निघेल. ‘ओनस’ दोष दाखवत नाही. पुढचे पाऊल कोणी टाकायचे, ते दाखवतो.

स्वयं-अध्ययन : ‘माझ्याकडे’ व ‘माझ्यावर’ योजून ‘जबाबदारी’ची प्रत्येकी दोन वाक्ये लिहा व अर्थभेद स्पष्ट करा.